कमाल आवाज

३ फेब्रुवारी
क्लबचं नवं नियमपुस्तक आलं. एकशेबारा पानं. गेल्या वर्षी आमची गाडी दोनदा बाद झाली. एकदा वजन कमी भरलं म्हणून, एकदा टाकीचं झाकण चुकीचं म्हणून. क्लबने लेखी दिलंय, तिसऱ्यांदा बाद झालात तर परवाना रद्द. मग शर्यत कसली आणि गॅरेज कसलं. नवरा बावीस वर्षं इंजिनात डोकं घालून बसलाय, दुसरं काही येत नाही त्याला. गाडी चालवतात भाऊजी, माझे धाकटे दीर. दोघांनी पुस्तकाला हात लावलेला नाही. तेव्हा मीच वाचणार. माझी चौथी झालीय. अक्षरं सगळीकडे तीच असतात. रोज दहा पानं.

४ फेब्रुवारी
चष्मा सापडला नाही.

५ फेब्रुवारी
चष्मा सापडला. प्रस्तावना सोडली, प्रस्तावनेवरून कोणी बाद करत नाही. दीड पान झालं.

११ फेब्रुवारी, दुपार
आवाजाचं कलम सापडलं. पुस्तक वाचल्याचं चीज झालं.
नवीन इंजिनं आल्यापासून शर्यतीत दम राहिला नाही. शिलाई मशिनी पळताहेत असं वाटतं. बघायला येणारे जांभया देतात. झेंडेवाला परवा सांगत होता, गाडी पाठीमागून गेली तरी त्याला कळलं नाही. लोकांनी तक्रारी केल्या असणार आणि क्लबची झोप उडाली असणार. स्वच्छ छापलंय : कमाल आवाज ९५ डेसिबल. म्हणजे आवाज कसा पाहिजे, तर कमाल. मोजला की पंच्याण्णव भरला पाहिजे.
नवऱ्याला विचारलं, आपला किती? गाडीखालूनच म्हणाला अठ्ठ्याऐंशी, छान आहे. सात कमी आणि म्हणे छान.

१२ फेब्रुवारी
पुढच्या पानावर कमाल रुंदीसुद्धा दिलीय. आपली गाडी रुंदीला पहिल्यापासून देखणी आहे. त्याची काळजी नाही.

१५ फेब्रुवारी
सायलेन्सरच्या नळीत ग्लासवूल ठासायचं काम अठरा वर्षं माझं. ठासावं तेवढा आवाज मरतो. आज नळी उघडून दोन मुठी काढल्या. नवऱ्याला सांगितलं नाही. नियमाचं तू बघू नकोस म्हणतो, मग बघतो कोण?
हात खाजताहेत. हातमोजे घालायला हवे होते.

२० फेब्रुवारी
मैदानाच्या कँटीनमध्ये वादावादी. पलीकडच्या टीमचा इंजिनियर, मी त्याला चष्मेवाला म्हणते, दोघातिघांशी भांडत होता. आवाज मोजायचं यंत्र नळीपासून अर्ध्या मीटरवर धरायचं की एका, तिरकं की सरळ. सगळे शिकलेले. कलमातला मुख्य शब्द एकाच्याही तोंडात नाही.
मीच म्हटलं, यंत्र कुठेही धरा, तुमच्या गाडीला आवाजच नाही, तुम्ही अडकणार. तो म्हणाला, बाई, आवाज नाही तेच तर आमचं कसब. म्हटलं, कलम वाचा. तो म्हणाला, पाठ आहे. मग विचारतो, तुमच्या गाडीचा किती? म्हटलं, मोजतील तेव्हा कळेल. हसला. घाबरलेला माणूस असाच हसतो.

२१ फेब्रुवारी
अजून तीन मुठी काढल्या.

२६ फेब्रुवारी
सराव. वर्कशॉपवाल्याकडून यंत्र मागून आणलं. एकशे चार. नऊ जास्तच. मी शाळेत कायम काठावरच पास व्हायचे.
भाऊजी हेल्मेट काढून म्हणाले, वहिनी, डोकं बधिर झालं, काय केलंत? म्हटलं, नियमाप्रमाणे केलंय, पुस्तक वाचलंय मी, तुम्ही वाचलंत का? त्यांनी हेल्मेट परत घातलं. नवऱ्याला हल्ली कमी ऐकू येतं. म्हणाला, आज गाडी बरी बोलतेय.
कौतुक माझं नाही, गाडीचं.

१ मार्च, संध्याकाळ
शर्यतीचा दिवस. सकाळी तपासणीच्या शेडमध्ये तीन गाड्या आमच्या पुढे. एकाही गाडीचा आवाज नाही. तिघांवर तक्रारीचे फॉर्म भरले, माझ्या अक्षरात : यांचा आवाज कमाल नाही. तपासनीसाने वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. हे कोणी लिहिलं विचारलं. मी म्हटलं, मी.
मग आमची गाडी लावली. एकशे चार. त्याने यंत्र खाली ठेवलं आणि लाल चिठ्ठी काचेला चिकटवली.
म्हणाला, कमाल म्हणजे जास्तीत जास्त, बाई. पंच्याण्णवच्या वर जायचं नाही. म्हटलं, मग तसं छापायचं. कमाल म्हणजे कमाल. पोरगी पहिली आली की आपण काय म्हणतो? शेडमधले हसायला लागले. चष्मेवाला हसला नाही, हे मात्र वाईट वाटलं.
नवऱ्याला काय चाललंय ते ऐकू गेलं नव्हतं. लाल चिठ्ठी दिसली तसा काचेपाशी जाऊन उभा राहिला.

६ मार्च
समितीपुढे गेले. एकटी. नवरा म्हणाला, तू बोलतेस बरं. अर्धा तास बोलले. अध्यक्षीणबाईंनी वहीत लिहून घेतलं की पुढच्या पुस्तकात सरळ छापू, याहून जास्त नको. म्हणजे चूक त्यांची. माझ्यामुळे नियम सुधारला. एवढं झाल्यावर परवाना कसा काढतील? निर्णय पत्राने कळवणार आहेत.
भाऊजी बाहेर गाडीत थांबले होते, येताना आपल्याच घराचं वळण चुकले. दमले असतील.

१४ मार्च, दुपार
पत्र आलं. नवरा जेवत होता. हात खरकटे होते, म्हणाला, तूच वाच.
तीनच ओळी. एकही शब्द अवघड नव्हता. पहिल्या फटक्यात कळलं.
त्याला मोठ्याने सांगितलं, विचार चालू आहे म्हणे. तो म्हणाला, बघ, तू बोललीस म्हणून. दोन घास जास्त जेवला. मग पुढच्या शर्यतीसाठी गिअरबॉक्स उघडतो म्हणून गॅरेजमध्ये गेला.
भाऊजी रविवारी येतील. ते पत्र मागतील. तोपर्यंत काहीतरी सुचेल.
गॅरेजमधून हाक मारतोय, सायलेन्सर भरायला ये. हातमोजे घातले. आज ठासून भरणार.