तिसरी बॅटरी

हेडबाई,

तू भाजी घेऊन येशील तेव्हा मी विमानतळावर असेन. आपल्या बाळ्याचा कॅमेरा सूनबाईकडे पोचवायला निघालोय. सांगून निघालो असतो तर तू तिसऱ्यांदा दारात आडवी आली असतीस आणि मागच्या दोन वेळांसारखं मला बरंच वाटलं असतं.

पण तो जाऊन दीड वर्ष झालं. नातीला बापाचा कॅमेरा हवाय. दहा वर्षांच्या पोरीला वाट तरी किती पाहायला लावायची?

काळजी करू नकोस. कॅमेरा मोठ्या सामानात टाकणार नाही, जवळच ठेवीन. हातातल्या बॅगेला सातच किलो चालतात, म्हणून माझे कपडे काढले. बॅगेतले. तीन शर्ट एकावर एक अंगात चढवलेत, अगदी कोबीचा गड्डा दिसतोय.

बॅटऱ्याही हातातल्याच बॅगेत न्याव्या लागतात. तीन होत्या, दोनच नेतोय. दर रविवारी पहाटे उठून तू त्या चार्ज करतेस, हे मला ठाऊक आहे. मी झोपेचं सोंग घेत होतो.

तिसरी चार्जरशेजारी ठेवलीय. शनिवारी परत येतो. रविवारी दोघं मिळून लावू.

तुझा हमाल