ताई-ची आणि सरकलेलं कपाट

सूनबाई,

मी ताई-चीला गेले आहे. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे. गुडघ्यांसाठी म्हणून तुम्ही दोघांनी मला या चिनी व्यायामाच्या क्लासला घातलंत आणि गुडघे खरंच सुधारले. पण मी बाहेर पडले की माझ्या खोलीत कोण येतं? काल कपाट भिंतीपासून सरकलेलं होतं आणि खिडकीत मोजायची टेप राहिली होती. तू म्हणालीस, झाडलोट केली. टेपने केर काढतात हे मला ठाऊक नव्हतं.

खोलीला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याजवळ आहे.

माझ्या लेकालाही सांग, हल्ली क्लासमध्ये आम्हाला एकमेकींना ढकलायला लावतात. समोरचीने कितीही ढकललं तरी पाय जागचा हलू द्यायचा नाही. बाई म्हणतात, ते मला सगळ्यांत छान जमतं.

आई