परसातली खोली

देवपूर, धुळे
१४ ऑक्टोबर १९९२

चि. अभिमनभाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद. रावेरला केळीचे घड कापणीला आले असतील. ट्रक वेळेवर मिळतात का? तुमचं पत्र येत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. आईंची तब्येत बरी आहे. खोकला आहेच. पांझरा नदीला यंदा पाणी चांगलं होतं. माझी शाळा दिवाळीपर्यंत सकाळची आहे.

परसातल्या खोलीचं सांगायचं होतं. तिचं कुलूप मी काढलं.

तुमच्या भावाचे दिवस झाल्यावर तुम्ही ते लावलंत आणि किल्ली घेऊन रावेरला गेलात. "ते वायूचं पिंप भंगारात जाईल तेव्हाच या घरात पाय ठेवीन," म्हणालात. तुमचं दुःख मला कळत होतं. भर दुपारी नळीचा सांधा पेटला होता. हायड्रोजनची ज्योत उन्हात दिसत नाही. हे सरळ तिच्यात चालत गेले. दवाखान्यातही मला हेच सांगत होते, "प्रमिला, वायू वाईट नाही, फक्त दिसत नाही."

उन्हाळा सरला तरी आई रोज दुपारी त्या दाराशी जाऊन बसायच्या. म्हणायच्या, "तोता काम करी ऱ्हायना," आपला मुलगा आत काम करतोय म्हणून. मी त्यांना हाताला धरून आत आणायची. मग एकदा मीही ऐकलं. आतून पाण्यातल्या बुडबुड्यांचा आवाज येत होता, हे असताना यायचा तसाच. मी कोणाला बोलले नाही. घरात राहायची भीती वाटू लागली होती.

श्रावणात आभाळ भरून असलं की आवाज बंद. ऊन पडलं की सुरू. हे लक्षात आलं तेव्हा मात्र मी गच्चीवर जाऊन पाहिलं.

भाऊजी, गच्चीवरच्या सौर पट्ट्यांच्या तारा कोणी सोडवल्याच नव्हत्या. पत्र्यातून गळणारं पावसाचं पाणी टाकीत पडत होतं. पट्ट्यांची वीज त्या पाण्यातून जाऊन बंद खोलीत रोज वायू तयार होत होता. पत्र्याच्या त्याच फटीनं तो वर निघून गेला, म्हणून आई आणि मी आहोत. तुम्हाला दोष देत नाही. तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

हातोड्याची ठिणगी उडेल म्हणून कुलूप फोडलं नाही. उजाडताना घरातला स्टोव्ह विझवला, आधी गच्चीवरच्या तारा सोडवल्या, मग पेचकसानं कडीचे स्क्रू काढले. दार दिवसभर सताड उघडं ठेवलं. यांच्याबरोबर नळ्या धरायला मीच असायची, म्हणून एवढं कळत होतं.

आईंना म्हटलं, "आई, ते नव्हते हो. ऊन होतं."

त्या उघड्या दाराशी जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मंग आवाज बंद करू नको."

दुसऱ्या दिवशी पिंप न्यायला आलेल्या भंगारवाल्याला मी परत पाठवलं.

नळ्या सगळ्या बदलल्या. पत्र्याची फट मुद्दाम मोठी केली. शेगडीच्या तोंडाशी मिठाच्या पाण्यात भिजवलेली जाळी बसवली, आता ज्योत पिवळी दिसते. सांधा गळून पेटला तर ती ज्योत अजूनही दिसत नाही. म्हणून खोलीत जाताना केरसुणी पुढे धरून जाते. ती पेटली तर कळेल. बघणारे हसतात. शेजारच्या ताजबी मात्र हसत नाहीत, त्या मला पाहून डोळे पुसतात.

पिंपभर वायूत भात होतो, भाकरी रॉकेलवरच. ढग असले तर भातही नाही. इथल्या कॉलेजातले लोक म्हणतात हे परवडणारं नाही. असेल. पण भात शिजतो तेव्हा धूर नसतो, आणि आई जवळ बसून जेवतात. घरात तेवढा वेळ मला एकटं वाटत नाही. हे बरं की वाईट, तुम्हीच सांगा.

दिवाळीला या. येताना पुढच्या दारानं या, हाक मारून. परसातून एकदम येऊ नका. दुपारी शेगडी चालू असते.

तुमची, अजून याच घरात राहणारी,
प्रमिलावहिनी