आईच्या गाण्याखालचे शब्द

ठमे,

तू कामावर गेल्यावर तुझ्या कॉम्प्युटरला न विचारता हात लावला. आधी चहा पी, मग रागव.

रेकॉर्डिंगवरून तू आईच्या गाण्याचे सूर स्वरलिपीत बरोबर उतरवलेस, पण दुसऱ्या ओळीपासून शब्द दोन सूर आधीच पडत होते. आई 'ये' तीन सुरांवर लांबवायची आणि कॉम्प्युटर बापडा प्रत्येक सुराखाली नवं अक्षर बसवत सुटला होता. मदतीचं पान वाचून 'ये'पुढे दोन आडव्या रेघा दिल्या, तसे सगळे शब्द जागेवर आले. वरचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, हे शिंप्याला कुणी शिकवायला नको.

शेवटच्या ओळीत तू थांबण्याची खूण घातली होतीस, ती मी काढली. रेकॉर्डिंगमध्ये आई तिथे थांबते, हे खरं आहे. पण ते शेवटच्या महिन्यातलं आहे, तेव्हा तिला धाप लागायची. मी मशीनवर बसून तीस वर्षं ते गाणं ऐकलंय. ती ओळ ती एका दमात म्हणायची. तिच्या गायनमंडळातल्या बायका आजपासून ते शिकणार आहेत. कागदावर असेल तसंच त्या कायम म्हणतील, म्हणून बारा प्रती छापून मीच द्यायला जातोय. कुणाला ओळ जमली नाही तर म्हणून दाखवीन. माझ्या आवाजाला तुझी आई हसायची, त्याही हसतील.

मोबाईलमधलं रेकॉर्डिंग मात्र पुसू नकोस. मला ते लागतं.

बाबा