पिवळ्या दाराच्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नणंदेचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. माझे राहते घर नणंदेला, तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलाला. तिला दिसत नाही. तीस वर्षे आम्ही एका छपराखाली भांडलो, पण हे घर तिच्याइतके कुणालाच पाठ नाही. बोळातल्या कठड्याला मी खाचा पाडल्या आहेत: एक खाच म्हणजे स्वयंपाकघर, दोन म्हणजे तिची खोली. त्या कुणी बुजवू नयेत.

२. न्हाणीघराचे दार पिवळेच ठेवावे. यजमानांची स्मृती गेली तेव्हा सगळी पांढरी दारे त्यांना सारखीच दिसू लागली. एकदा ते ओल्या कपड्यांनिशी बोळात उभे राहून रडले. त्याच दुपारी मी ते दार रंगवले. दुसऱ्या दिवशी ते आपले आपण जाऊन आले आणि मला म्हणाले, "बाई, हे दार रंगवणाऱ्याला सोडू नका. माणूस हुशार आहे." मला त्यांनी ओळखले नव्हते. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाचे कौतुक झाले ते त्या दिवशी.

धाकट्या दिरांनी मात्र हे घर आहे की बालवाडी, असे विचारले होते. उरलेला पिवळ्या रंगाचा डबा त्यांना द्यावा. त्यांचेही वय होत आले आहे.

३. मुलास: पाहुण्यांसाठी खुर्ची तू सरकवलीस, म्हणून आत्याचे मनगट मोडले. पाय घसरला असेच ती आजवर सांगत आली. आम्ही दोघींनी तुला केव्हाच माफ केले. पण ती आहे तोवर घरातले सामान इंचभरही हलवायचे नाही.

४. हत्यारे सूनबाईला. माझ्यामागे रंधा सरळ धरणारी तीच एक. मुलाने हट्ट करू नये. त्याला खिळा ठोकताना मी पाहिले आहे.

हे सगळे नणंदेला वाचून दाखवले. ती उठून मागच्या दाराशी जाऊन आली. मग म्हणाली, "वहिनी, जायची एवढी घाई कशाला? मागच्या दाराची कडी अजून हाताला बोचते."

कडी उद्या, रविवारी करते. मृत्युपत्र सोमवारपासून लागू समजावे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ७ मार्च, शनिवार
सही: (सुतारीणबाई)
साक्षीदार: १. शेजारचे शिंपीकाका २. आमचे डॉक्टर