नव्या स्क्रीनवरचे चेहरे

२० जानेवारी २०२५, सोमवार

नवा स्क्रीन आला आणि सगळं काम नासलं. त्याच्यावर अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात. म्हणून शिवशरणअण्णांनी — दुकान त्यांचं, मी टायपिंग करतो — स्क्रीनवर सगळं दुप्पट मोठं दिसेल असं करून घेतलं. पानं लावायच्या एडिटर सॉफ्टवेअरनं अक्षरं मोठी केली, फोटो मात्र होते तेवढेच ठेवले. समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका उघडली तर अक्षरं ठसठशीत आणि शेजारी माणसं पोस्टाच्या तिकिटाएवढी. किळस आली.

त्यात आमच्या रूपालीताईचाही फोटो आहे. तिसरं वर्ष.

२१ जानेवारी, मंगळवार

अण्णा म्हणाले, "फोटो वढून मोठे कर की. त्यात काय?"

एक पान आधी छापून बघू, म्हणालो. तर अण्णा — "स्क्रीनवर दिसतंय ते खोटं हाय व्हय?"

दिवसभर एकेका चेहऱ्याचा कोपरा धरून ओढत बसलो. ओढताना बाजूला रुंदीचा आकडा वाढत होता. पाहिला. पण डोळ्यांना बरोबर दिसत होतं — मग आकड्याकडे कशाला बघू.

२२ जानेवारी, बुधवार

मेळावा समितीचे सिद्रामप्पा काका शेजारी खुर्ची टाकून बसले. तोंडात तंबाखू. प्रत्येक मुलीला एकच — "हिला जरा उजळ कर." मुलांना नाही. एकाही मुलाला नाही. मुलांच्या घरून आलेले मजकूर तर वाचवत नाहीत. 'शिक्षण' सुद्धा धड लिहिता येत नाही आणि पोरगी मात्र 'सुशिक्षित' पाहिजे.

मग ताईचं पान आलं. वय ३१, घटस्फोटित. काका म्हणाले, "ही दर साली असती की रं. हिला शेवटाला टाक."

ती माझी बहीण, हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. माऊस हलवत राहिलो. घरी कुंभारीला आल्यावर ताईनं ताट वाढलं, तिच्याकडे बघवेना. काकांची किळस येते, त्याहून जास्त माझी.

२३ जानेवारी, गुरुवार

ताईला शेवटी टाकलं नाही. सोनमच्या अगोदर ठेवलं. सोनम चोवीस वर्षांची, मंगळवेढ्याची. ताईचा फोटो सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच ओढला. काय स्वच्छ दिसते! मागच्या दोन्ही वर्षी फोटो बारीक होता, म्हणूनच कुणी विचारलं नाही. यंदा विचारतील.

फाईल छापखान्यात पाठवली. त्यांनी मोबाईलवर नमुना धाडला, अण्णांनी न उघडताच 'ठीक' म्हणून अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

पुस्तिका आल्या.

कागदावर सगळे फोटो दुप्पट. कुणाचं कपाळ पानाबाहेर, कुणाच्या हनुवटीवर जन्मतारीख. फोटोंना जागा पुरली नाही, म्हणून ते खालीखाली सरकत गेले. चेहरा एकाचा, माहिती दुसऱ्याची. ताईचा फोटो सोनमच्या माहितीशेजारी जाऊन बसला. ताईच्या माहितीशेजारी एक मिशीवाला बाप्या.

स्क्रीननं फोटो लहान दाखवले होते, लहान केले नव्हते. एवढंच होतं.

अण्णा म्हणाले, "आता कोण परत छापतंय? परवा मेळावा." आणि काका हसत होते. "चाळून घेतील की लोकं. पोरी काय पळून जात्यात व्हय?" पुस्तिका त्यांच्या तोंडावर मारावी वाटली. मी गठ्ठे मोजून दिले.

२ फेब्रुवारी, रविवार

मेळाव्याला गेलो नाही. ताईही गेली नाही. तिला पुस्तिका दाखवावीच लागली. मिशीवाल्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्याचं काम झालं बघ. घटस्फोटित, स्वयंपाकाची आवड." मला हसू आलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सोनमचे वडील दुकानात आले. भांडायलाच. त्यांच्या नंबरवर तीन घरांतून फोन आलेत — फोटोतली मुलगी पसंत, बघायला कधी येऊ? "ही माझी पोरगी न्हवंच! कोण हाय ही?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. काकाही होते तिथं.

"माझी बहीण," म्हणालो.

काकांनी तंबाखू थुंकायला बाहेर जायचं निमित्त केलं.

रात्री ताईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. "म्हंजे फोटोत काय वाईट न्हवतं की, अजिनाथ." पुन्हा थापायला लागली.

दोन वर्षं मी फोटोलाच दोष देत बसलो होतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताईनं सोनमच्या वडिलांकडून ते तिन्ही नंबर मिळवले. दोघांनी वय ऐकून फोन ठेवून दिला. तिसरा करकंबचा. माझ्यासमोरच बोलली — "फोटोतली मी. रूपाली. वय एकतीस, घटस्फोट झालाय. आता बोलायचं असलं तर बोला."

तिकडचा बोलायला लागला. मग ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मला हातानं खूण केली — बाहेर जा.