चौथा जोर

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. मी खुशाल आहे, गुडघे सोडून.

तुझं पत्र मिळालं. दवाखान्याने तुला बॅटरीवर चालणारी डोंगरी सायकल मंजूर केली आणि ती निवडायचं काम तू मला दिलंस, हे वाचून मी आधी शेजारणीला गाठलं. तिला म्हटलं, एकोणीस वर्षं सायकलवरून घरोघर इस्त्रीचे कपडे पोचवले ते वाया नाही गेले बघ, दोन इयत्ता शिकलेल्या बाईला एका नर्सने सल्ला विचारलाय. ती म्हणाली, नर्स तुझीच तर नात आहे. मी म्हटलं, असेना, विचारलं तरी आहे ना! जळतात मेले लोक.

दुकान आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. सायकली छताच्या हुकांना उलट्या टांगल्यात, वाळत घातल्यासारख्या. मिस्त्री भला माणूस, पण बोलतो इतका सावकाश की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत माझा उभं राहायचा पाय दोनदा बदलून होतो. त्याने दोन सायकली दाखवल्या. एक पिवळी, हलकी. तिची मोटर नाजूक, पायांना नुसती साथ देते. दुसरी राखाडी, धिप्पाड, फुल पॉवरची, मोटर पेडलांच्या मधोमध. पिवळी मी एका हाताने उचलली. राखाडी दोन्ही हातांनी जागची हलली नाही.

खरं सांगू, माझा जीव पिवळीवर गेला होता. पण तू लिहिलंस ते मला पाठ झालंय. रस्ता दरडीखाली गेल्यापासून वरच्या चार वस्त्यांना तू एकटीच नर्स, पाठीवर औषधांची पेटी, अडीच तासांची चढण, आणि गेल्या महिन्यात ती बाळंतीण तुझी वाट बघत बघत गेली. पुन्हा कुणी आपली वाट बघत जाऊ नये, एवढ्यासाठी सायकल हवी, असं लिहिलंस. म्हणून राखाडीच सांगितली. तिचे जोर चार. पहिला सपाटीला, चौथा खड्या चढाला.

आता तिच्या अंगावर काय काय चढतंय ते ऐक. मागे थंड पेटी बसेल असं कॅरिअर. जाड टायर. पुढचं दात्यांचं चाक लहान, म्हणजे चढावर पाय हलका पडतो. ब्रेकच्या चकत्या मोठ्या. सीटच्या उंचीसाठी मी तुझी जुनी पँट घेऊन गेले, मिस्त्री हसला, पण माप बरोब्बर आलं. पुढच्या दांड्यांत हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरतात म्हणे. मी पंचावन्न किलो सांगून मोकळी झाले. खरं काय ते तू कळव, मिस्त्रीला लाजू नकोस, तो बापासारखा आहे. घंटी मी निवडली. डोंगरात घंटी कुणाला ऐकवायची, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लाव तू.

रेशनच्या गाडीबरोबर पुलापर्यंत पाठवू. माया आहेच, ती उतू जायच्या आत उत्तर धाड.

तुझी आजी

१९ फेब्रुवारी

आदरणीय आजींना सा. न.

ही चिठ्ठी दाराच्या फटीतून सरकवतोय, कारण समोरासमोर मला तुमच्याशी वाद जिंकता येत नाही.

काल तुम्ही हट्टाने सायकलवर बसलात. चौथ्या जोरावर ती उसळली आणि तुम्ही रिकाम्या क्रेटांवर जाऊन पडलात. तेव्हापासून तुमचं एकच चाललंय, की मोटर आवळून टाका. तुमचा मुलगा नवी मोटारसायकल घेतल्यापासून तिसऱ्या दिवशी उतारावर गेला, हे तुम्ही सांगितलंत. लेकाच्या मागे वाढवलेल्या नातीची काळजी मला कळते. तरी पुन्हा लिहितो. ही मोटर फक्त चढाला ढकलते. उताराला तिचं काही काम नसतं, तिथे ब्रेक लागतात आणि ते मी मोठे बसवले आहेत. मोटर आवळल्याने उतार सोपा होणार नाही. चढ मात्र जड होईल.

तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून फोनवरून सेटिंग बदललं आहे. पडद्यावर चारही जोर दिसतील, पण तिसरा आणि चौथा दुसऱ्याइतकाच ढकलतील. हात बसेपर्यंत महिनाभर चालेल. तिकडे फोन लागत नाही, त्यामुळे सिस्टरांना हे आपणहून कळायचं नाही. त्यांना पत्राने कळवायचं तुम्ही कबूल केलं आहे, ते विसरू नका. त्यांचा निरोप आला की मी पुलापर्यंत येऊन मोटर मोकळी करून देईन.

राग मानू नये, ही विनंती.

सायकल मिस्त्री

१२ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सायकल पोचली. पुलावरून दवाखान्यापर्यंत मी ती बसूनच आणली आणि कंपाउंडरने तोंडात बोट घातलं. घंटीबद्दल तुझे आभार, ओढ्याजवळच्या म्हशी तिला मान देतात. वजन सत्तावन्न आहे. मिस्त्रींना लाजत नाही, तुला लाजते.

अडीच तासांची वाट आता एक तास वीस मिनिटांत होते. उतरताना तर कानात वारा भरतो. अडतं ते शेवटच्या चढाला. वरची वस्ती त्याच्या माथ्यावर आहे. चढ खडा, खाली सुटे दगड. चौथा जोर लावला तरी मोटर नुसती कण्हते आणि मागे पेटी असली की सायकल जागीच थांबते. मग उतरून ढकलायची. सायकल पंचवीस किलो, वर पेटी. एकट्या त्या चढाला पंचवीस मिनिटं जातात. बरोबर आलेल्या कागदावर तर लिहिलंय की असा चढ ती बसल्या बसल्या चढेल. म्हणजे माझेच पाय कमी पडत असणार. रोज सकाळी दवाखान्याच्या जिन्यावर वीस वेळा वरखाली करते. तरी एकदा मिस्त्रींना विचारशील का, मोटरमध्ये काही बिघाड तर नाही ना?

विचारायला कारण आहे. वरच्या वस्तीत एक विणकरीण आहे, माझ्याच वयाची. एप्रिलअखेर तिचे दिवस भरतील. अंगात रक्त फार कमी. खाली आणावं तर त्या दगडांवरचे गचके तिला सोसायचे नाहीत. तिची आई दर खेपेला विचारते, वेळेला याल ना. मी हो म्हटलंय. ती माग चालवता चालवता मला चिडवते, की सायकलवर बसून यायचं सोडून तिला फिरायला घेऊन येतेस.

गुडघ्यांना शेक दे. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो मी सोडत नाही.

तुझी भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस आजीचे मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला फिरायला घेऊन येतेस, या वाक्याला ती इतकी हसली की कंबर धरून बसली, आणि ती कंबर तशीच अडकली. तिचा जावई येऊन तिला सरळ करून गेला. तुझ्या विणकरणीला सांग, इथे एक बाई तुझ्यामुळे जायबंदी झाली.

सायकल ठणठणीत आहे, काही बिघाड नाही. नव्या वस्तूला माणूस कळायला वेळ लागतो. माझी पहिली सायकल मला सहा महिने डावीकडेच ओढायची. तू जेवत नसशील, मला ठाऊक आहे. सत्तावन्न हे काय वजन झालं, आपल्या घरात ते मांजराचं असतं! दोन घास जास्त खा, पायात आपोआप जोर येईल. आणि ढकलावी लागली तर लागली, चालण्याने कुणाचं वाईट झालंय? कानात वारा भरेल इतकी जोरात मात्र उतरू नकोस. दोन्ही ब्रेक एकदम दाबत जा, नुसता पुढचा दाबू नकोस.

गल्लीत सगळं ठीक. वरच्या मजल्यावर तबला शिकणारा राहायला आलाय, तो शिकेपर्यंत मी बहिरी होईन, म्हणजे दोघांचंही बरं होईल. विणकरणीला माझा आशीर्वाद सांग. बाळासाठी माझ्या जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला घेतली आहेत.

या म्हातारीला मनातून उतरू देऊ नकोस.

तुझी आजी

२७ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न.

दुपटी पोचली. बाळ त्यातच गुंडाळलंय. मुलगी आहे. तिची आई गेली.

गुरुवारी सकाळी अकराला विणकरणीचा नवरा धावत खाली आला. बाळ झालंय, पण रक्त थांबत नाही, म्हणाला. मी थंड पेटीत सुया घेतल्या आणि निघाले. चढाच्या पायथ्यापर्यंत कुठेही थांबले नाही. मग चौथा जोर लावला, उभी राहून पेडल मारलं, दोनदा पडले, आणि शेवटी उतरून ढकलायला लागले. अर्ध्या चढावर पेटी सोडून नुसत्या सुया घेऊन धावावं असं मनात आलं. पण सलाइन पेटीत होतं, ती टाकता येईना.

मी पोचले तेव्हा तिचं अंग अजून गरम होतं. विणकरणीच्या आईने सांगितलं, पंधरा मिनिटांपूर्वीपर्यंत बोलत होती, सायकलची घंटी ऐकू येते का म्हणून विचारत होती.

दुसऱ्यांदा झालं हे. पहिल्या वेळी सायकलच नव्हती. या वेळी सगळं होतं. दवाखान्याने फुल पॉवरची गाडी दिली, तू ती माझ्या मापाची करून दिलीस. कमी मी पडले. या वस्त्यांना माझ्याहून दणकट माणूस हवं. राजीनामा लिहून ठेवला आहे, पुढच्या महिनाअखेर रेशनच्या गाडीबरोबर जाईल. शहरात येईन तेव्हा नर्सचं काम करणार नाही. कपड्यांना इस्त्री करीन, ते मला येतं.

तू रडू नकोस. माझ्यावर ओरडलीस तरी चालेल.

तुझी भिंगरी

४ मे

चि. भिंगरीस.

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून तसाच कागद सुरू करते.

राजीनामा पाठवू नकोस. तुझे पाय कमी पडले नाहीत. सायकल मी बांधून ठेवली होती.

इथे ती चालवून बघताना मी पडले. चौथा जोर लावला आणि ती मला घेऊन सुटली. मला तुझा बाप आठवला. मी मिस्त्रीला मोटर आवळायला लावली. तो नको म्हणाला, दोनदा म्हणाला, चिठ्ठी लिहून समजावलं. मोटर उताराला ढकलत नाही, फक्त चढाला ढकलते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं. कळलंसुद्धा. तरी मला वाटलं, असू दे, जेवढी ताकद कमी तेवढं बरं. पडद्यावर तुला चार दिसायचे, होते दोनच. तुला कळवायचं मी कबूल केलं होतं. गल्लीत भेटला की तो विचारायचा, सिस्टरांना कळवलंत ना, आणि मी मान हलवायचे.

तू बिघाड आहे का विचारलंस तेव्हा हातात पेन होतं. सांगितलं असतं तर तू आठवड्यात ती मोकळी करून घेतली असतीस. मी मांजराच्या वजनाचा विनोद लिहिला. आणि हेही लिहिते, लपवून काय करू. तू चढावर उतरून ढकलतेस हे वाचून मला आनंद झाला होता. चालणारं माणूस पडत नाही, असं मनात म्हटलं आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

काल मिस्त्रीला सगळं सांगितलं.  त्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं. बुधवारच्या रेशनच्या गाडीने पुलावर येतोय. त्याला काही बोलू नकोस. त्याचा दोष एवढाच की त्याने माझ्यावर भरवसा ठेवला.

विणकरणीच्या आईला काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगायचं असेल तर सांग. तिने बोलावलं तर मी येईन, गुडघ्यांचं बघून घेईन.

तुझ्याकडे मागावं असं काही उरलं नाही. राजीनामा पाठवू नकोस, एवढंच.

आजी

१६ मे

ती. आजीस,

राजीनामा फाडला. तुझ्यासाठी नाही, तिसऱ्या वस्तीत दोन बायकांचे दिवस भरत आलेत.

मिस्त्री आले, पुलावर बसून त्यांनी मोटर मोकळी केली. जाताना माझी क्षमा मागितली. मी त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी विणकरणीच्या आईला सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, नर्सची आजी एवढंच सांगितलं. तिने विचारलं, किती मिनिटांचा फरक पडला असता. मी म्हटलं, वीस. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि दार लावलं. तुला बोलावलेलं नाही. तू येऊ नकोस.

वीस मिनिटं हे मी अंदाजाने सांगितलं नव्हतं. तिच्याकडे जाताना त्या चढाच्या पायथ्याशी थांबून घड्याळ लावलं होतं. पेटीत त्या दिवशी होतं तेवढंच सामान भरलं होतं, सुया, सलाइन, सगळं. सीटवर बसले आणि चौथा जोर लावला. सायकल थांबली नाही, घसरलीही नाही. पाच मिनिटांत माथ्यावर होते. आजी, मला दमसुद्धा लागला नव्हता.

पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही. उत्तराची वाट मात्र बघू नकोस, निदान एवढ्यात तरी.

तुझी नात